चिठ्ठीत काय लिहिलं होतं

आमच्या घरात कोरा कागद विकत आणलेला मला आठवत नाही. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत. निकाल लागला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रद्दीत जायच्या आधी ते घरी आणत आणि ओसरीवर मांडी ठोकून बसत. ज्या मुलांना काही लिहिता आलेलं नसे, त्यांची मागची पानं कोरी राहिलेली असत. अण्णा ती पट्टी धरून एकेक अलगद फाडून काढत. "ढ मुलं आहेत म्हणून आपल्या घरात कागद आहे," हा त्यांचा दरवर्षीचा विनोद, आणि आम्ही दरवर्षी हसायचो. आई आत चटणीसाठी शेंगदाणे भाजत असायची, तीही हसायची. नापास झालेल्या पोरांच्या कोऱ्या पानांवर मी अकरावीपर्यंत गणितं सोडवली आणि त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. काटकसर हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा गुण होता. त्याच्याखाली पुष्कळ काही झाकलं जायचं.

त्या पानांच्या वह्या करून द्यायचा तो भानुदास टेलर. एस.टी. स्टँडासमोर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. जूनच्या सुरुवातीला अण्णा गठ्ठे पिशवीत घालून मला त्याच्याकडे पाठवत. तो हातातलं काम बाजूला ठेवी, गठ्ठा मशीनखाली सरकवी आणि डाव्या कडेला दुहेरी टीप मारी. कापडावर मऊ घरघरणारं ते मशीन कागदावर खाडखाड वाजायचं. मला तो आवाज आवडायचा. सुई मोडेल म्हणून दुसरा कुठलाही शिंपी हे काम करायला तयार झाला नसता. भानुदास करायचा, कारण सांगणारे सर होते. मशीनवर शिवलेल्या वह्या सगळ्या गावात फक्त आमच्या घरी होत्या.

भानुदासचा मुलगा अशोक माझ्या वर्गात होता. त्याची आई तो पहिलीत असतानाच वारली होती. बाप-लेक दुकानामागच्या खोलीत राहत, तिथेच स्टोव्हवर स्वयंपाक करत. अशोकला बापाने शिवलेले शर्ट असायचे. अंग एका कापडाचं, कॉलर दुसऱ्या, बाह्या तिसऱ्या, खिसा चौथ्याच. खरं सांगायचं तर ते शर्ट देखणे असायचे. रंग नीट बघून जुळवलेले, चौकड्याची रेघ खिशावर बरोबर रेघेला लागलेली. परवा माझ्या नातवाने शहरातल्या मोठ्या दुकानातून अगदी तसाच शर्ट आणला आणि कौतुकाने मला दाखवला. मी त्याला धड बरा आहे असंही म्हणू शकले नाही.

आठवीत असताना विलासने सुरुवात केली. विलास म्हणजे गावातल्या रस्त्यांची कामं घेणाऱ्या ठेकेदाराचा मुलगा, वर्गाचा पुढारी. एका मधल्या सुट्टीत त्याने अशोकच्या खिशाला हात घातला आणि ओरडला, "ह्यो खिसा आमचा हाय! आमच्या पप्पांच्या कापडातला ढापलाय ह्याच्या बापानं!" झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा खेळच झाला. अशोकला भिंतीला उभं करायचं आणि कुठलं कापड कुणाच्या घरचं ते 'शोधायचं'. कुणी कॉलर ओढी, कुणी बाही. शिवण उसवली की टाळ्या. बटणं तुटून मातीत पडत. अशोक ती एकेक वेचायचा. त्याच्या कंपासपेटीत सुई-दोरा असे. शाळेच्या मागे, नळाशी बसून तो बटणं पुन्हा लावायचा आणि मगच घरी जायचा. आम्ही मुली लांबून बघायचो आणि ओढणीत तोंड घालून हसायचो. शिक्षकांना हे ठाऊक होतं. अण्णांना तर नक्कीच होतं, कारण एकदा मी जेवताना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मुलांची थट्टा चालायचीच. त्यानं माणूस घडतो." आणि भाकरीचा तुकडा मोडून पुढे जेवू लागले होते.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये फिशपाँड असत. आठवडाभर ऑफिसबाहेर कुलूप लावलेली पेटी ठेवायची, कुणीही कुणावरही चार ओळी लिहून, नाव न घालता, आत टाकायच्या. मग दुपारच्या कार्यक्रमात त्या चिठ्ठ्या माईकवरून वाचायच्या. ज्याच्यावर लिहिलंय त्याने स्टेजवर यायचं, लोकांनी हसायचं, आणि ती चिठ्ठी त्यालाच भेट द्यायची. निनावी माणूस किती शूर होतो, हे मी तिथे शिकले. गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्नेहमेळाव्याची चर्चा चालली होती. ग्रुपचा अ‍ॅडमिन विलासच, आता विलासराव. त्याने लिहिलं, "या वेळी फिशपाँड ठेवायचे का मंडळी? जुनी धमाल!" आणि त्याखाली हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. साठीला टेकलेली माणसं, कुणी सरपंच होऊन गेलेलं, कुणी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली. एकालाही काही आठवलं नाही, किंवा आठवून टोचलं नाही. मला शिसारी आली. पण ग्रुप सोडायचं धाडस मलाही झालं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नववीतल्या त्या गॅदरिंगच्या आधी विलास माझ्या बाकापाशी आला. एरवी तो माझ्याशी बोलत नसे. "तुला यमक जुळवता येतं ना? अशोक्यावर एक झकास करून दे." मी सरांची मुलगी. शाळेच्या नियतकालिकात माझ्या पावसावरच्या, आईवरच्या कविता छापून येत आणि कुणी त्या वाचत नसे. आता वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा माझ्याकडे मागणी घेऊन आला होता. मी भूगोलाच्या तासाला कच्च्या वहीतलं पान टिपेतून ओढून काढलं आणि डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, लिहिलं:

कॉलर डॉक्टरची, बाही सरांची, खिसा ठेकेदाराचा;
ओळखा पाहू, शर्ट कुणाचा? चोराच्या पोराचा!

सर म्हणजे अण्णा. अण्णांचे कपडे माझा मामा पुण्याहून तयार आणायचा. त्यांचं वीतभर कापडही भानुदासकडे कधी गेलं नव्हतं, हे मला लिहिताना पक्कं माहीत होतं. 'बाही सरांची' म्हटलं की ताल बसत होता, म्हणून मी ते घातलं. बस्स, एवढंच कारण.

चिठ्ठ्या निवडायचं काम अण्णांकडे असे. ती पेटी त्यांनी घरी आणली आणि संध्याकाळी आईने केलेला चिवडा खात ते एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले. माझी आली. त्यांनी वाचली आणि मांडीवर थाप मारून हसले. "यमक पक्कं आहे हो! कोण हा कवी?" मग त्यांनी कागद उलटा केला, कडेची भोकं पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते रागावले नाहीत. त्यांच्या हसण्यात शाबासकी होती, आणि मला, खोटं कशाला बोलू, अगदी गुदगुल्या झाल्या. त्यांनी ती चिठ्ठी निवडलेल्या ढिगात वरच ठेवली.

गॅदरिंगच्या दुपारी अशोक नाव पुकारल्यावर जवळजवळ धावत स्टेजवर गेला. आपल्यावरही कुणी लिहिलं, याचंच त्याला अप्रूप वाटलं असावं. अण्णांनी माईकवर दोन्ही ओळी वाचल्या, मग मांडवातून "वन्स मोअर" आलं म्हणून पुन्हा वाचल्या. सगळा मांडव हसत होता. अशोकही हसला. ओठ हसत होते तेवढेच. त्याने चिठ्ठीची चौघडी घातली, खिशात ठेवली आणि खाली उतरून मागच्या रांगेत जाऊन बसला. कार्यक्रम संपेपर्यंत तो तिथेच बसून होता. मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अशोक सकाळी घरातून निघाला तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या गावाजवळ पाटात तो सापडला. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन चालू होतं, पाट काठोकाठ भरून वाहत होता. पोलिसांनी पंचनामा केला, लोक म्हणाले, पाय घसरला असेल. असेलही. आजही मी शपथेवर दुसरं काही सांगू शकत नाही. शाळा एक दिवस बंद राहिली. शोकसभेत अण्णांनी भाषण केलं, "एक गुणी, हसतमुख विद्यार्थी" म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसला. मग हेडमास्तरांनी नववीच्या वर्गाला थांबवून घेतलं. फिशपाँडविषयी घरी-दारी कुणी चकार शब्द काढायचा नाही, त्या बापाच्या दुःखात भर नको, असं त्यांनी बजावलं. किती कनवाळू माणसं होती सगळी! भानुदास गॅदरिंगला आला नव्हता. लग्नसराईचे कपडे शिवत बसला होता. त्यामुळे स्टेजवरून काय वाचलं गेलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याला एकट्यालाच नव्हतं.

तो विचारत फिरू लागला. शिवलेले कपडे पोचवायला म्हणून घरोघर जायचा आणि दारातून पोरांना विचारायचा, "बाळा, त्या दिवशी आमच्या अशोकवर काय वाचलं रं?" पोरं म्हणायची, आठवत नाही. आया त्यांना आत ढकलून म्हणायच्या, "जाऊ द्या वो भानुदासभाऊ, कशाला उगाळायचं." पाचशे माणसांनी खदखदून हसलेल्या दोन ओळी, आणि पंधरा दिवसांत त्या एकालाही आठवत नव्हत्या. सगळ्या गावाने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

मग तो आमच्याकडे आला. सकाळची वेळ होती, अण्णा ओसरीवर चहा घेत होते. आईने त्यालाही कप दिला. त्याने तो हातात घेतला नाही, जमिनीवर ठेवला. बंडीच्या खिशातून त्याने एक कागद काढला. पाण्यात भिजून वाळलेला, फुगलेला, त्यावर नुसता निळा डाग. मी दाराच्या आत उभी होते.

"पोराच्या खिशात घावली, सर. पोलिसांनी दिली."

अण्णांनी चष्मा लावून पाहिलं. "सगळी शाई गेलीय, भानुदास. यात काहीच वाचता येत नाही."

"व्हय सर. आन वाचता आलं आस्तं तरी मला कुठं अक्षर वळखतंय. पर हे मला वाचता येतं." त्याने कागदाची कड पुढे केली आणि बोटाचं नख भोकांच्या दोन ओळींवरून खालपर्यंत फिरवलं. "ही टीप माझी हाय."

आत आईच्या हातातलं उलथनं थांबलं. अण्णा म्हणाले, "अरे, शाळेत कागद इकडचे तिकडे होतात. कुणाचं पान कुणाकडे जातं."

"आसंल सर. कुनी लिव्हलं ते म्या इचारतच न्हाई. त्या लेकराला मला काय करायचंय? काय लिव्हलं हुतं तेवढं सांगा. तुमीच वाचलं, म्हून तुमच्याकडं आलो."

आता सांगतील, असं मला वाटलं. सांगावं असं वाटत होतं आणि सांगू नये असंही, आणि दुसरं वाटणं जास्त जोराचं होतं. अण्णांनी कप खाली ठेवला आणि वर्गात कवितेचा अर्थ सांगताना लावत तो मऊ आवाज लावला. "काहीतरी विनोदी होतं. शब्द नाही रे आठवत, पन्नास चिठ्ठ्या वाचल्या मी. पण वाईट काही नव्हतं. अशोक स्वतः हसला की!"

"हासला?"

"हसला. मी समोर होतो."

"हासला म्हनता," भानुदास म्हणाला. त्याने कागदाची जुन्याच घड्यांवर चौघडी घातली, खिशात ठेवली आणि चहा न पिता उठला. तो फाटकाबाहेर गेल्यावर आई दारात आली. "सांगून टाकायचं होतं त्याला," ती हळूच म्हणाली. अण्णा म्हणाले, "सांगून त्याचा मुलगा परत येणार आहे का? आणि ते त्याच्याचबद्दल होतं. ऐकून तो आणखी खचला असता. काही गोष्टी माणसानं पोटात ठेवायच्या असतात." आई आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सगळ्या शिवलेल्या वह्या दप्तरातून नाहीशा झालेल्या होत्या. अण्णांनी त्या बंबात घातल्या होत्या. त्या पाण्याने मी आंघोळ केली. याविषयी अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत याचं मला हायसं वाटत होतं. हे सगळं मी पुढे वर्षानुवर्षं 'अण्णांनी मला वाचवलं' असं समजत आले. त्यांनी स्वतःला वाचवलं होतं. मी फक्त त्याच होडीत बसले होते.

जून आला. अण्णांनी नेहमीप्रमाणे कोरी पानं काढली, गठ्ठे बांधले आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, मी नाही जाणार. ते म्हणाले, "या वर्षीच गेलो नाही तर लोकांच्या मनात काय येईल?" मी पिशवी उचलली.

भानुदास दुकानात एकटा होता. त्याने पिशवी घेतली, गठ्ठा ठोकून सारखा केला, मशीनखाली सरकवला आणि खाडखाड टीप मारायला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. एक वही झाली, दुसरी झाली. तिसरीला मी म्हटलं, "भानुदासमामा, ते मी लिहिलं होतं."

मशीन थांबलं. "ठावं हाय, ताई," तो म्हणाला. "काय लिव्हलं हुतं?"

मी सांगितलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. तिथे यमक ऐकू येतच नव्हतं, नुसते शब्द होते. मग तो एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसा सावकाश बोलू लागला.

"डाक्टर तर श्रीरामपुरात शिवत्यात. माझ्याकडं कधी आलं न्हाईत. सरांचं कापड म्या हातात धरलेलं न्हाई. ठेकेदार शिवतो माझ्याकडं, पर त्याचं सगळं पांढरं आसतं. पोराचा खिसा तर निळ्या चौकड्याचा हुता." तो थांबला. "बाजारात कटपीस मिळतं, ताई, किलोवर. दर महिन्याला जाऊन आनायचो. रंग बघून बघून आनायचो."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "बाही अण्णांची नाही, हे मला माहीत होतं."

त्याने मान हलवली. तो रागावेल, ओरडेल, गठ्ठा माझ्या अंगावर फेकेल, याची मी वाट बघत होते. त्याने मला जास्त बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "त्या गॅदरिंगच्या आधी चार-दोन दिस, भाकर खाता खाता मला इचारलं त्यानं. दादा, माझ्या शर्टाचं कापड तुमी कुठनं आनता? आसं कधी इचारायचा न्हाई. म्या म्हन्लं, पोरगं गंमत करतंय. म्या बी हासत म्हन्लो..." त्याचे ओठ वाकडे झाले. "म्हन्लो, चोरतो की लोकांचं!"

मग त्याने चाकाला हात लावला आणि राहिलेल्या वह्या शिवून दिल्या. एकही टीप वाकडी गेली नाही. मी पिशवी घेऊन उभी होते, त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं, पण त्याने पाठ फिरवली होती आणि त्याचे खांदे हलत होते. मी निघून आले. जे त्याला पाच महिने हवं होतं ते मी दिलं होतं, आणि ते घेऊन तो आता काय करणार होता? त्या दिवसापर्यंत निदान पोरगा हसला एवढं तरी त्याच्याजवळ होतं. खरं सांगायला हवं होतं, याविषयी मला आजही शंका नाही. पण ते मी त्याच्यासाठी सांगितलं की माझ्या मानेवरचं ओझं त्याच्या मानेवर टाकायला, हे मला विचारू नये.

घरी आले तेव्हा जेवायची पानं मांडलेली होती. आईने आमरस केला होता, मोसमातला शेवटचा, वर तुपाची धार आणि गरम पोळ्या. अण्णांनी पिशवी चाचपून पाहिली आणि विचारलं, "भानुदास काही म्हणाला?"

"मी सांगितलं त्याला सगळं."

अण्णांचा हात पोळीवर थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, आता हा माणूस उठेल, चप्पल पायात घालेल आणि स्टँडाकडे चालू लागेल. अण्णा म्हणाले, "दुकानात आणखी कोणी होतं का?"

"नव्हतं."

"बरं," ते म्हणाले, आणि वाटी पुढे करून आईला म्हणाले, "वाढ तिला."

आईने वाढलं. मला सपाटून भूक लागली होती. मी तीन वाट्या रस खाल्ला.